कोरी कॅटफिशची अंडी काढणं आणि पिल्लं वाढवणं: सातारा-सांगलीतल्या नवशिक्यांसाठी

कोरी म्हणजे टाकीच्या तळाशी राहणारा छोटा, शोभेचा कॅटफिश. तिच्याकडून अंडी मिळवणं हा या कामातला सोपा भाग. सहा निरोगी मासे, वाळूचा तळ, दोन-तीन आठवडे सकस खाणं आणि पावसाळ्याच्या तोंडावर गार पाण्याचा एक बदल, एवढ्यावर एखाद्या सकाळी काचेला अंडी चिकटलेली दिसतात. पिल्लं दगावतात ती त्यानंतर, आणि बहुतेक वेळा दोनच कारणांनी: पहिल्या घासाला योग्य खाद्य तयार नसतं, किंवा टाकीचा तळ घाण झालेला असतो. म्हणून या लेखात मोठ्या माशांच्या टाकीआधी पिल्लांच्या खाद्याची तयारी दिली आहे. तुम्हीही क्रम तोच ठेवा.

कोणती कोरी घ्यायची

सांगली, मिरज, तासगाव, विटा या पट्ट्यात सुरुवात ब्राँझ कोरीने करा. तिचाच पांढरा-गुलाबी प्रकार अल्बिनो म्हणून मिळतो, आणि त्याची काळजीही तशीच घ्यायची. २२ ते २७ अंश तापमानात ही जात मजेत राहते आणि अंडी भरपूर घालते. साताऱ्यात, वाई-पाचगणीकडे किंवा घरातला गार कोपरा असेल तर पेपर्ड कोरी चांगली. तिला १८ ते २४ अंश मानवतात, म्हणजे आपल्याकडचा हिवाळा हा तिचा खरा हंगाम. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी सहज ३० अंशांच्या वर जातं आणि त्यात पेपर्ड हळूहळू खंगते. तिथे ती घेऊच नये. स्टर्बाय कोरी उष्णता चांगली सोसते, पण महाग असते. पांडा नाजूक असते. या दोन्ही जाती पहिल्या दोन-तीन खेपा यशस्वी झाल्यावर आणा.

माहिती शोधताना एक गोष्ट लक्षात ठेवा. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी कोरीडोरास हा मोठा गट विभागला. ब्राँझचं शास्त्रीय नाव आता ऑस्टिओगॅस्टर एनियस आणि पेपर्डचं हॉप्लिसोमा पॅलिएटम असं आहे. दुकानात मात्र सगळ्या कोरीच.

घेताना तीन-चार सेंटिमीटरची, एकाच जातीची सहा ते आठ पिल्लं घ्या. मिशा शाबूत आहेत का, पोट खपाटीला गेलेलं नाही ना, वरचा पर ताठ आहे का, हे बघा. निळा, जांभळा किंवा भडक लाल रंग दिलेल्या अल्बिनो कोरी विकायला असतात. तो रंग कृत्रिम असतो आणि तो देताना माशाचे हाल होतात. अशा कोरी विकत घेऊ नका, म्हणजे त्या आणल्याही जाणार नाहीत.

नर-मादी वरून बघून ओळखायची. मादी मोठी आणि कल्ल्यांच्या मागे रुंद, नर सडपातळ. पोटाखालचे पर नराचे टोकदार, मादीचे गोलसर. साधारण वर्षभराच्या वयात त्या अंडी घालायला लागतात. दोन माद्यांना चार नर हे प्रमाण सगळ्यात चांगलं. नर कमी पडले तर बरीचशी अंडी फळत नाहीत.

पाणी: आधी मोजा

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर आणि पीएच (आम्लता), अमोनिया, नायट्राइट तपासायचं किट एवढं घ्याच. टीडीएस १०० ते २५० आणि पीएच ६.५ ते ७.५ असेल तर काहीच करायची गरज नाही. या दोन जिल्ह्यांत पाणी गावागावाला बदलतं. साताऱ्याच्या काही भागाला कास तलावाचं पाणी येतं. ते जांभ्याच्या पठारावर साठलेलं पावसाचं पाणी आहे, त्यामुळे त्यात क्षार कमी असायला हवेत. सांगली-मिरजेला कृष्णेचं पाणी येतं. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव इकडचं बोअरचं पाणी मात्र बहुधा जड असतं, आणि कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीतल्या विहिरींचं तर मचूळच. जड पाण्यात ब्राँझ कोरी जगेल, वाढेलही, पण अंडी घालायला वेळ लावेल आणि अंडी कमी फळतील. अशा ठिकाणी बोअरच्या पाण्यात आरओ किंवा पावसाचं पाणी मोजत-मोजत मिसळून टीडीएस २०० च्या आसपास आणा. निव्वळ आरओचं पाणी वापरू नका. त्यात क्षारच नसल्याने पीएच एका रात्रीत घसरू शकतो.

पावसाचं पाणी धरायचं तर पहिले चार-पाच चांगले पाऊस होऊन जाऊ द्या. पिंप उघड्यावर ठेवा. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावरून आलेलं पाणी नको, जस्त माशांना विषारी असतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. उघड्या पिंपात एअरस्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून २४ तास ठेवलं की तो उडून जातो. घाई असेल तर अँटीक्लोर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला.

द्राक्षपट्ट्यातल्या वाचकांनी इथे जास्त जपावं. बोर्डो मिश्रणात मोरचूद असतं आणि तांबं माशांना, त्याहून जास्त गोगलगाय-कोळंबीला मारक असतं. फवारणीची बादली, पंप, पाइप टाकीच्या कामाला कधीच वापरू नका. बागेतून आल्यावर साबणाने हात कोपरापर्यंत धुऊन, भरपूर पाण्याने साबण घालवून मगच टाकीत घाला.

खाद्याची तयारी, अंड्यांच्या दोन आठवडे आधी

कोरीचं पिल्लू जन्मतः पाच-सहा मिलिमीटरचं असतं. बाजारातली गोळी कुस्करून टाकली तर त्यातलं थोडंच त्याच्या तोंडात जातं, उरलेलं तळाशी कुजतं. त्याला जिवंत, तळाला वळवळणारं, बारीक खाद्य लागतं. मायक्रोवर्म आणि आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा इवला जीव) ही दोन्ही तयार ठेवा, कारण एक बिघडलं तरी दुसरं हाताशी राहतं.

मायक्रोवर्म म्हणजे मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे पांढरे सूक्ष्म कृमी. बीज म्हणून चमचाभर कल्चर एखाद्या मासे पाळणाऱ्याकडून किंवा ऑनलाइन मिळतं. ओट्सची किंवा तांदळाच्या पिठाची पाणी घालून घट्ट पेज शिजवा, मीठ-तेल काही नको. पूर्ण गार झाल्यावर चपट्या प्लास्टिकच्या डब्यात एक सेंटिमीटर थर द्या, वर चिमूटभर यीस्ट भुरभुरवा आणि मधोमध चमचाभर बीज ठेवा. झाकणाला चार-पाच भोकं पाडून आतून सुती फडकं लावा, नाहीतर चिलटं शिरतात. तीन ते पाच दिवसांत कृमी डब्याच्या भिंतीवर चढलेले दिसतात. ते बोटाने निपटून वाटीभर पाण्यात घोळवायचे आणि ड्रॉपरने द्यायचे. पेज टाकीत जाऊ देऊ नका. एक डबा तीन-चार आठवडे चालतो. उन्हाळ्यात तो लवकर आंबतो आणि पातळ होतो, म्हणून दर दहा दिवसांनी नवा डबा लावायचा आणि नेहमी किमान दोन डबे चालू ठेवायचे.

आर्टेमियाची अंडी डबाबंद मिळतात. डबा फोडला की हवाबंद करून फ्रीजमध्ये ठेवा, दमट हवा लागली की उगवण घटते. पाण्याच्या बाटलीचा तळ कापून ती उलटी टांगा. त्यात एक लिटर पाणी, २५ ग्रॅम खडेमीठ, चिमूटभर खायचा सोडा आणि अर्धा छोटा चमचा अंडी. एअर पंपाची नळी थेट तोंडापर्यंत सोडा, पाणी जोरात खळबळत राहिलं पाहिजे. वर दिवा लावा. २६ ते २८ अंशांना २४ तासांच्या आसपास नारिंगी पिल्लं बाहेर पडतात. साताऱ्याच्या थंडीत ३६ तासही लागतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा आणि दिवा तळाशी धरा. टरफलं वर तरंगतात, पिल्लं उजेडाकडे खाली जमतात. खालची पिल्लं बारीक नळीने दाट सुती कापडावर गाळून घ्या, साध्या पाण्याने खळबळा आणि लगेच द्या. टरफलं पचत नाहीत, ती येणार नाहीत हे बघा. उगवल्यापासून सहा-आठ तासांतच ती खाऊ घाला. नंतर त्यांच्या अंगातला बलक संपतो आणि पोषण उतरतं. रोज ताजं हवं तर दोन बाटल्या एक दिवसाच्या अंतराने लावा.

आपल्याकडच्या नक्षत्रांचा हिशेब इथे सोयीचा पडतो. रोहिणी लागली, म्हणजे २५ मेच्या सुमारास, की मायक्रोवर्मचे डबे लावा आणि मोठ्या माशांचं खाणं वाढवा. मृगाच्या पावसाला दोन्ही तयार असतात. पेपर्डसाठी हेच काम दिवाळीनंतर.

मोठ्या माशांची टाकी

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी घ्या. काठोकाठ भरली तर सुमारे ५५ लिटर, आपण भरणार ४५ च्या आसपास. झाकण हवं आणि पाण्यावर दोन इंच मोकळी हवाही हवी. कोरी मधूनमधून वर झेपावून हवेचा घोट घेते आणि आतड्यातून श्वास घेते, तो तिचा स्वभावच आहे. मात्र सगळ्याच कोरी सारख्या वर-खाली करायला लागल्या तर पाण्यात प्राणवायू कमी झालाय असं समजा.

तळाला एक-दीड इंच बारीक, गोलसर वाळू. कोरी तोंडाने वाळू घेते आणि कल्ल्यातून बाहेर टाकते. धारदार खडीने मिशा झिजतात आणि तिथे जंतुसंसर्ग होतो. वाळू चाळून, पाणी निवळ येईपर्यंत धुवा. थोडी बाजूला घेऊन तिच्यावर लिंबू पिळा. फेस आला तर तिच्यात चुना आहे, पाणी जड करेल, ती नको.

स्पंज फिल्टर दोन घ्या आणि दोन्ही याच टाकीत चालवा. एक पुढे पिल्लांच्या टाकीत जाणार आहे. नव्या स्पंजात उपयोगी जिवाणू वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. हे जिवाणू माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग त्यामानाने कमी घातक नायट्रेटमध्ये बदलतात. किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत अंड्यांचा विचारही करू नका. पीएच ८ च्या वरच्या गरम पाण्यात थोडा अमोनियाही जास्त विषारी ठरतो, म्हणून बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना इथे चुकून चालत नाही. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात. नळाखाली धरला की जिवाणू मेले.

कोपऱ्यात जावा मॉस (शेवाळासारखी पाणवनस्पती) किंवा लोकरीची काळी-हिरवी झुंबरं ठेवा. बऱ्याच कोरी काचेइतकीच तिथेही अंडी चिकटवतात आणि झुंबर अलगद उचलून नेता येतं. लोकर आधी गरम पाण्यात भिजवून रंग सुटत नाही ना ते बघा.

अंड्यांआधीचं खाणं आणि पाण्याचा बदल

दोन ते तीन आठवडे दिवसातून दोनदा खायला द्या: सकाळी तळाला जाणारी चांगली गोळी, संध्याकाळी फ्रोझन ब्लडवर्म किंवा चिरलेलं गांडूळ. गांडूळखताच्या बेडमधलं लाल, पट्ट्यांचं गांडूळ वासाचा चीक सोडतं आणि बरेच मासे ते थुंकून टाकतात. जाड आफ्रिकन गांडूळ चालतं. एक दिवस ओल्या कागदात ठेवून त्याचं पोट रिकामं होऊ द्या, मग धुऊन बारीक चिरा. फवारणीच्या बागेतलं गांडूळ कधीच नको. ट्युबिफेक्स हा बारीक लाल कृमी मासे आवडीने खातात, पण तो बहुधा गटाराच्या गाळातून येतो आणि रोग घेऊन येतो. आमचं मत स्पष्ट आहे, पिल्लं काढायच्या टाकीत जिवंत ट्युबिफेक्स नको.

मादी वरून बघितल्यावर दोन्ही बाजूंनी फुगलेली दिसायला लागली की संध्याकाळी निम्मं पाणी काढा आणि चार अंशांनी गार पाणी हळूहळू, नळीच्या बारीक धारेने भरा. टाकी २६ वर असेल तर नवं पाणी २२ चं. दोन्ही मिसळून टाकी २४ वर येते, तेवढं पुरतं. पाण्यात थेट बर्फ टाकू नका. एअर पंपाचा जोर वाढवा. हेच लागोपाठ तीन संध्याकाळी करा. बाहेर पाऊस झडीला लागला असेल आणि हवेचा दाब उतरला असेल त्या दिवशी यश येण्याची शक्यता जास्त असते. पावसाचं मऊ पाणी असेल तर या बदलासाठीच राखून ठेवा. तरीही काही झालं नाही तर दहा दिवस नेहमीसारखं खायला घालून पुन्हा करा. रोज-रोज गार पाण्याचा मारा केला तर अंडी येण्याऐवजी पांढऱ्या ठिपक्यांचा रोग येईल.

अंडी

तयारी झाली की नर मादीच्या मागे लागतात, तिच्या पाठीवर मिशा घासतात. मग नर आडवा होतो आणि मादी त्याच्या पोटाला तोंड लावते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जपानी संशोधकांनी ब्राँझ कोरीबद्दल दाखवलं की मादी नराचं वीर्य तोंडावाटे घेते, ते आतड्यातून पटकन बाहेर येतं आणि पोटाखालच्या परांच्या ओंजळीत धरलेल्या अंड्यांवर पडतं. ती एका वेळी थोडीच अंडी धरते, काचेवरची जागा तोंडाने साफ करते आणि तिथे ती चिकटवते. हे काही तास चालतं. या वेळात टाकीत हात घालू नका, दिवा चालू-बंद करू नका. ब्राँझची चांगली मादी शंभर ते दोनशे, कधी त्याहून जास्त अंडी देते.

खेळ थांबला की मासे अंडी खायला वळतात, म्हणून तेव्हा हलवायला घ्या. ताजं अंडं मऊ असतं. शेवटचं घातल्यावर तासभर थांबलात तर ते टणक होतं आणि फुटत नाही. स्वच्छ बोटाच्या टोकाने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने काचेला लागून सरकवा. अंडं बोटाला चिकटून येतं, ते डब्याच्या भिंतीला टेकवलं की तिथे चिकटतं. एकमेकांना चिकटून गठ्ठा होऊ देऊ नका. गठ्ठ्यातलं एक सडलं की बुरशी सगळ्यांवर चढते.

डबा पाच लिटरचा, अन्नाचा, कधी साबण न लागलेला घ्या. त्यात टाकीतलंच तीन लिटर पाणी आणि एअरस्टोन. बुडबुडे अंड्यांवर आदळू नयेत, पण पाणी त्यांच्यावरून सतत फिरत राहावं. बुरशी रोखायला १% मिथिलिन ब्लू लिटरला तीन थेंब. पाण्याची निळाई एवढीच की पलीकडची अंडी दिसावीत. हे औषध मोठ्या टाकीत किंवा चालत्या स्पंजाच्या आसपास नको, जिवाणू मरतात. डब्यावर कापड टाकून अंधार ठेवा. मिथिलिन ब्लू नको वाटत असेल तर देशी बदामाचं वाळून गळलेलं एक पान धुऊन टाका. पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि बुरशीला थोडा आळा बसतो. पण पहिल्या खेपेला निळं औषधच वापरा. हळद मात्र नको. सांगलीत ती घरोघरी असते आणि जखमेवर लावायची सवय म्हणून इथेही हात जातो, पण ती पाण्यात विरघळत नाही, अंड्यांवर गाळ होऊन बसते.

दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ बघा. फळलेलं अंडं पिवळसर, मग तपकिरी होत जातं. न फळलेलं दुधासारखं पांढरं होऊन कापसासारखे तंतू सोडतं, ते ड्रॉपरने ओढून काढा. चाळीस टक्क्यांहून जास्त पांढरी पडली तर नर कमी आहेत, पाणी जड आहे किंवा मादीची ही पहिलीच खेप आहे. पहिली खेप बऱ्याचदा अशीच जाते. तिसऱ्या दिवशी डब्यातलं निम्मं पाणी त्याच तापमानाच्या स्वच्छ पाण्याने बदला. २५ अंशांना ब्राँझची अंडी तीन ते पाच दिवसांत फुटतात. पेपर्डची गार पाण्यात एक-दोन दिवस उशिराने.

पिल्लं: पहिले तीन आठवडे

फुटल्यावर पोटाला बलकाची पिशवी असते आणि दोन दिवस पिल्लू त्यावरच जगतं. तेव्हा काहीही खायला घालू नका, घातलेलं सगळं कुजतं. रिकामी टरफलं ड्रॉपरने काढा. पिशवी आत ओढली गेली की रुंद तोंडाच्या ड्रॉपरने किंवा वाटीने, जाळीने नव्हे, पिल्लं त्यांच्या टाकीत हलवा.

ही टाकी दीड फूट लांब, एक फूट रुंद, पाणी फक्त चार-पाच इंच. मोठ्या टाकीतला एक मुरलेला स्पंज आणि पाणीही तिथलंच. हवा हळू ठेवा, पिल्लं वाहत जाता कामा नयेत. तळाला वाळूचा अगदी पातळ थर, पाव इंचाहून कमी. नुसत्या काचेवर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो आणि पिल्लांच्या मिशा-पर झडायला लागतात. वाळू न घालणाऱ्यांनी तळ रोज पुसायलाच हवा.

दिवसातून तीन ते चार वेळा थोडं-थोडं द्या: सकाळी आणि रात्री आर्टेमिया, मध्ये मायक्रोवर्म. माप चमच्याने नाही, पोटाने ठरवा. आर्टेमिया दिल्यावर वीस मिनिटांत पोटं नारिंगी दिसली पाहिजेत. दिसली नाहीत तर कमी पडलं. तासाभराने तळाला गुलाबी मेलेला थर दिसला तर जास्त झालं, लगेच काढा. दोन आठवड्यांनी वस्त्रगाळ केलेली चांगली गोळी हळूहळू सुरू करा.

पाणी रोज पाव ते एक तृतीयांश बदला. पहिला आठवडा मोठ्या टाकीतलं, नंतर शिळवलेलं, त्याच तापमानाचं. काढताना एअर पंपाची बारीक नळी वापरा आणि पांढऱ्या बादलीत सोडा. ओढली गेलेली पिल्लं पांढऱ्या तळावर दिसतात आणि वाटीने परत टाकता येतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण एक दिवस चुकवून दुसऱ्या दिवशी निम्मं पाणी बदलणं म्हणजे भरपाई नव्हे. अचानक बदल पिल्लांना सोसत नाही. रॅम्सहॉर्न जातीच्या छोट्या गोगलगाई चार-पाच सोडल्या तर उरलेलं खाणं त्या उचलतात. अंड्यांच्या डब्यात मात्र त्या नकोत.

महिन्याभरात पिल्लू सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटरचं होतं आणि कोरीसारखं दिसायला लागतं. तोवर त्यांना दोन फुटी टाकीत हलवलेलं असावं, पन्नासाच्या वर एका टाकीत नको. अडीच सेंटिमीटरला पोहोचायला अडीच-तीन महिने लागतात. आई-बापांबरोबर त्यानंतरच सोडा.

पिल्लं मरत असतील तर

तिसऱ्या ते सहाव्या दिवशी, पोट पारदर्शक आणि रिकामं: उपासमार. खाद्य मोठं पडतंय किंवा पोहोचत नाहीये. ड्रॉपर तळाजवळ नेऊन सोडा.

पोटं भरलेली, तरी सकाळी एकदम दहा-पंधरा मेलेली: अमोनिया तपासा. रात्री जास्त खाणं पडलं असेल किंवा स्पंज नवा असेल.

दुसऱ्या आठवड्यात रोज दोन-तीन, मिशा आखूड, परांच्या कडा पांढऱ्या: तळ घाण. औषध शोधत बसू नका, तळ साफ करा, पाण्याचे बदल वाढवा.

लाईट गेल्यावर मरणारी पिल्लं हा उन्हाळ्यातला मोठा घात आहे. गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो आणि त्यात हवा बंद पडते. बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊनच या कामाला लागा. तो नसेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी वाटीने पाणी उंचावरून हळू ओता, आणि लाईट येईपर्यंत खायला घालू नका. पाणी ३० च्या वर गेलं तर झाकण काढून पाण्यावरून पंख्याचा वारा सोडा, दोन-तीन अंश उतरतात. मात्र बाष्पीभवनाने क्षार घट्ट होत जातात, म्हणून उडालेली भर आरओच्या किंवा पावसाच्या पाण्याने करा. साताऱ्यात थंडीच्या रात्री उलट अडचण. ब्राँझच्या टाकीला ५० वॉटचा हीटर पुरतो, २४ वर लावा.

पुढची पायरी: ब्रिसलनोज

कोरी जमली की ब्रिसलनोज प्लेको हा काचेला चिकटणारा कॅटफिश घ्या. त्यात अंड्यांची राखण नरच करतो. नराच्या नाकावर झुपकेदार फांद्या असतात. अडीच फुटी टाकी, एक नर, दोन माद्या, जुनं भिजवलेलं लाकूड आणि गुहा: दोन इंच व्यासाचा, सहा इंच लांब, एका बाजूने बंद पाइप किंवा कुंभाराकडचा रंग न दिलेला मातीचा नळा. नर आत बसून नारिंगी अंड्यांना पराने वारा घालतो, त्याला हलवू नका. पिल्लं बलक संपेपर्यंत गुहेतच चिकटून राहतात. बाहेर आली की उकडलेली काकडी, दुधी, लाल भोपळ्याची फोड द्या, बारा तासांनी उरलेली काढा. भाजी मिठाच्या पाण्यात धुऊन, साल काढून द्या.

दुकानात काच साफ करणारा म्हणून मिळणारा ठिपक्यांचा मोठा सकर वेगळा, तो फूटभराहून मोठा होतो. उजनीच्या जलाशयात हाच सकर पसरला आणि मासेमारांच्या जाळ्यांची नासधूस करतो. कोरी असो की प्लेको, जास्तीची पिल्लं कृष्णेत, कोयनेत, गावच्या तळ्यात कधीही सोडू नका. देऊन टाका किंवा दुकानदाराला द्या.

नेताना एका गोष्टीची काळजी घ्या. घाबरलेली कोरी कल्ल्यांजवळच्या ग्रंथींतून विष सोडते आणि बंद पिशवीत त्याच विषाने स्वतः मरते. पॅक करायच्या आदल्या दिवशी खाणं बंद ठेवा. मासे वाटीने बादलीत काढा. जाळीत छातीचे काटे अडकतात आणि ओढले तर मोडतात. बादलीत अर्धा तास थांबा. पाण्यावर फेस आला की ते पाणी टाकून ताजं घ्या, आणि मगच पिशवीत भरा: एक तृतीयांश पाणी, दोन तृतीयांश हवा, लहान पिशवीत पाचपेक्षा जास्त पिल्लं नकोत.